काइट-फॉइलिंग : पडल्यानंतर बदलत्या वाऱ्यात बोर्ड परत कसा मिळवावा

हायड्रोफॉइलवरून, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जाणाऱ्या बोर्डावरून, पडलेला स्वार पाण्याच्या वर डोके काढतो तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार बोर्डाचा येतो, आणि बहुतेक वेळा पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. डोक्यावर काइट, म्हणजे त्याला ओढणारा मोठा पतंग, अजून उडत असते, तिच्या आणि स्वाराच्या मध्ये वीस ते चोवीस मीटर लांबीच्या बारीक लाइन ताणलेल्या किंवा सैल पडलेल्या असतात, आणि बोर्ड मागे कुठेतरी असतो. लक्ष द्यायचे ते याच क्रमाने : आधी काइट, मग लाइन आणि शेवटी बोर्ड. वारा एकसारखा असेल तेव्हा हा क्रम चुकला तरी निभावून जाते. वारा झोतांनी येत असेल, मध्येच पडत असेल किंवा दिशा बदलत असेल, तेव्हा मात्र निभावत नाही.

बोर्ड शेवटी ठेवायला हरकत नाही, कारण तो सहसा फार लांब जात नाही. साधा ट्विन-टिप बोर्ड पाण्याच्या पृष्ठभागावर पडून राहतो आणि वाऱ्या-लाटांबरोबर सरकत जातो. फॉइल-बोर्डाच्या खाली मात्र साधारण साठ ते नव्वद सेंटिमीटर लांबीचा मास्ट, म्हणजे उभा दांडा, आणि त्याच्या टोकाला छोट्या विमानासारखा पंखांचा सांगाडा असतो. बोर्ड सुलटा किंवा कुशीवर पडला असेल, तर हा सांगाडा पाण्यात अडकून त्याला धरून ठेवतो. याउलट स्वार काइटला हार्नेसने, म्हणजे अंगावरच्या पट्ट्याने, बांधलेला असतो, आणि काइट त्याला सतत वाऱ्याच्या दिशेने खाली ओढत असते. म्हणून ‘माझा बोर्ड वाहून गेला’ असे किनाऱ्यावर आल्यावर आपण सांगतो, तेव्हा खरे तर वाहून गेलेलो आपणच असतो. पडल्यानंतर अर्ध्या मिनिटात बोर्ड वाऱ्याच्या वरच्या अंगाला (वारा येतो त्या बाजूला) आणि स्वार खालच्या अंगाला (वारा जातो त्या बाजूला), ही स्थिती जवळपास ठरलेली असते.

यावर बोर्डाला दोरी बांधणे हा उपाय अनेकांना सुचतो. तो करू नये. ताणलेली दोरी सैल होताना बोर्डाला स्वाराच्या अंगावर फेकते, आणि या बोर्डाच्या खाली धारदार कडांचे पंख आहेत हे लक्षात घेतले की याहून अधिक स्पष्टीकरणाची गरज राहत नाही. हेल्मेट आणि छातीला आधार देणारे इम्पॅक्ट व्हेस्ट मात्र नेहमी वापरावे.

पडतानाच अर्धे काम होते. तोल जातो आहे असे कळले की बोर्डाला चिकटून राहण्याची धडपड सोडून द्यावी, पायांनी बोर्ड स्वतःपासून दूर ढकलावा आणि शक्य असेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, पाठीवर पसरून पडावे. डोके खाली घालून सूर मारू नये, कारण फॉइल त्याच पाण्यात असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बार, म्हणजे काइट चालवण्याचा हातातला दांडा, छातीकडे ओढून धरू नये. भीतीने माणूस हातात असेल ते घट्ट आवळतो. इथे ते आवळणे म्हणजे काइटची ताकद वाढवणे होय. बार पुढे सारून काइटची शक्ती कमी करावी. पाण्यातून वर येताना एक हात डोक्यावर घ्यावा. पाय झाडू नयेत. फॉइल पायाखाली आहे की शेजारी, हे अजून तुम्हाला कळलेले नसते.

वर आल्यावर पहिली नजर काइटवर टाकावी. काइटच्या जागा घड्याळाच्या तबकडीवरून सांगण्याची पद्धत आहे : वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की डोक्यावर बारा, डावीकडे क्षितिजाजवळ नऊ आणि उजवीकडे तीन. स्थिर वाऱ्यात पडल्यानंतर काइट बारावर उभी करून शांतपणे विचार करा, असे शिकवले जाते, आणि ते बरोबरही आहे. वारा झोतांचा असेल तर मात्र बारा ही जागा दोन्ही बाजूंनी वाईट ठरते : झोत आला की काइट स्वाराला सरळ वर उचलते, आणि वारा पडला की ती त्याच्या डोक्यावरून मागे सरकून खाली कोसळते. त्यामुळे अशा दिवशी काइट अकरा किंवा एकच्या सुमारास ठेवावी आणि तिथेही तिला गोठवून न ठेवता हळूहळू हलती ठेवावी. हलत्या काइटवर हवेचा प्रवाह टिकून राहतो आणि वारा पडल्याचे बारमधून हाताला लगेच समजते.

झोतांचे गणित एकदा नीट समजून घेतले पाहिजे. वाऱ्याची ओढ वेगाच्या पटीत वाढत नाही, ती वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. दहा नॉट्सचा, म्हणजे ताशी साधारण साडेअठरा किलोमीटरचा वारा चौदा नॉट्सवर गेला की काइटची ओढ जवळपास दुप्पट होते. आठचा सोळा झाला की चौपट. फॉइल कमी वाऱ्यातही उचलत असल्यामुळे आपण अनेकदा बारा चौरस मीटरची किंवा त्याहून मोठी काइट घेऊन निघतो, आणि पडल्यानंतर याच मोठ्या काइटबरोबर पाण्यात असतो. त्यामुळे बोर्डाकडे निघण्यापूर्वी दोन-तीन झोत जाऊ द्यावेत. दोन झोतांमध्ये किती वेळ जातो आणि प्रत्येक झोत कोणत्या बाजूने येतो, हे त्यातून कळते. झोताच्या आधी पाण्यावर काळसर, सुरकुतलेला पट्टा पुढे सरकताना दिसतो. तो ओळखण्याची नजर तयार झाली की अर्धी लढाई जिंकलीच म्हणायची.

याच वेळात बोर्डाची जागा पक्की करून घ्यावी. लाटांच्या मधल्या खळग्यात असताना काहीच दिसत नाही, म्हणून लाटेच्या माथ्यावर आल्यावरच बघावे. बोर्ड दिसला की त्याच्या मागे किनाऱ्यावरची एखादी ठळक खूण धरावी. माड, चर्चचा मनोरा, टेकडीवरचा टॉवर, काहीही चालेल. दोन खुणा एका रेषेत धरता आल्या तर अधिक चांगले, कारण वाऱ्याची दिशा फिरली तर त्या रेषेवरून ती लगेच लक्षात येते. काळ्या कार्बनचा बोर्ड पाण्यात जवळपास अदृश्य होतो. बोर्डाच्या खालच्या बाजूला आणि टोकांना भडक नारिंगी पट्ट्या चिकटवणे हे दिसायला ओंगळ असले तरी त्यांनी माझे दोन बोर्ड वाचवले आहेत.

आता मूळ कृती, म्हणजे काइटच्या ओढीने नुसते शरीर पाण्यातून नेणे, जिला सगळीकडे बॉडी ड्रॅग असेच म्हणतात. बोर्ड वाऱ्याच्या वरच्या अंगाला असल्यामुळे त्याच्याकडे सरळ जाता येत नाही. शिडाच्या होडीप्रमाणे नागमोडी जावे लागते. डावीकडे जायचे असेल तर काइट साडेदहाच्या सुमारास न्यावी, उजव्या हाताने बारचा मध्य धरावा, शरीर कुशीवर वळवून ताठ करावे आणि डावा हात पाण्यात पुढे व किंचित वाऱ्याकडे ताणून धरावा. हा ताणलेला हात आणि ताठ शरीर मिळून होडीच्या कण्याचे काम करतात. काइट फार वर गेली तर ती स्वाराला पाण्यातून उचलते आणि शरीराची पकड सुटते. फार खाली गेली तर ती नुसती खालच्या अंगाला ओढते. खांदा पाण्यात बुडालेला आहे आणि कानावरून पाणी वाहते आहे, असे जाणवले की जागा बरोबर आहे असे समजावे.

दिशा बदलताना काइट बारावरून दुसऱ्या बाजूला न्यावी लागते आणि त्या काही क्षणांत कमावलेले थोडे अंतर हमखास गमावले जाते. त्यामुळे छोट्या छोट्या वळणांपेक्षा लांब पल्ले फायद्याचे ठरतात. पल्ला इतकाही लांबवू नये की बोर्ड नजरेआड होईल. बदलत्या वाऱ्यात मी एक नियम पाळतो : झोत चालू असताना वळायचे नाही. काइट बारावर असताना झोत आला तर स्वार उचलला जातो. झोत ओसरल्याबरोबर, पण वारा पुरता पडण्याआधी, काइट फिरवावी. झोताच्या काळात बार थोडा पुढे सारून अंतर कापत राहावे, कारण जोरदार झोतात वाऱ्याच्या वर चढणे सर्वांत सोपे असते. अंतर तेव्हाच कमवायचे आणि वळण मात्र शांततेत घ्यायचे.

वारा मंद असेल तर ही कृती कंटाळवाणी होते. आठ नॉट्समध्ये काइटची ओढ इतकी कमी असते की आपण जागेवरच आहोत असे वाटते. तरीही त्या वाऱ्यात आपण खालीही फारसे सरकत नसतो. अशा वेळी काइट एकाच जागी न ठेवता साडेनऊ आणि साडेदहाच्या मध्ये सावकाश वर-खाली फिरवावी. बोर्ड दहा-पंधरा मीटरवर असेल आणि काइट स्थिर असेल, तर एका हाताने पोहूनही तो गाठता येतो. फक्त पोहण्याच्या नादात बार विसरू नये.

वाऱ्याने दिशा बदलली, तर मात्र आधीचा आराखडा सोडून द्यावा लागतो. पंधरा-वीस अंशांचा फरकसुद्धा एक पल्ला लाभदायक आणि दुसरा निरुपयोगी करतो. दोन्ही बाजूंना एकेक पल्ला करून पाहावा आणि ज्या बाजूला बोर्ड लवकर जवळ येतो तिकडेच अधिक वेळ राहावे.

बोर्डाच्या थोडे वर, म्हणजे त्याला ओलांडून तीन-चार मीटर पुढे गेल्यावर काइट हळूहळू वर आणून सावकाश खाली यावे. लाट ज्या बाजूला जाते आहे त्या बाजूने बोर्डाकडे कधीही जाऊ नये, कारण पुढची लाट तो बोर्ड फॉइलसकट तुमच्या तोंडावर आणते. मास्ट बोर्डाच्या मागच्या भागाकडे बसवलेला असतो, म्हणून पुढच्या टोकाकडून किंवा कडेने, हात पुढे करून जवळ जाणे सर्वांत सुरक्षित असते. पंखाला हात लावून बोर्ड थांबवण्याचा मोह टाळावा.

बोर्ड बऱ्याचदा उलटा, फॉइल आकाशाकडे करून पडलेला सापडतो. तो सुलटा करताना एक हात मास्टच्या बुडाशी ठेवून मास्ट स्वतःपासून दूर ढकलावा आणि दुसऱ्या हाताने आपल्या बाजूची कड उचलावी. फॉइल पलीकडे पाण्यात शिरते आणि स्वतःच्या वजनाने खाली जाते. मास्ट आपल्याकडे ओढला तर पंख थेट मांडीवर येतो. बोर्ड वळत असताना दोन्ही पाय मागे, पृष्ठभागाजवळ ठेवावेत, कारण फॉइल खाली येते ती जागा नेमकी पायांची असते. हे सगळे एका हाताने बार सांभाळत करायचे नसून काइट स्थिर करून बार क्षणभर सोडून करायचे आहे. बार सोडला की काइटची शक्ती कमीच होते, हे अंगवळणी पडले पाहिजे.

बोर्ड हाती आल्यावर लगेच उभे राहण्याची घाई करू नये. बोर्ड सुलटा ठेवून त्याची पुढची कड किंवा मूठ धरली आणि त्याचे तोंड आपण जात असलेल्या दिशेला लावले, तर पाण्यातला मास्ट उत्तम कण्याचे काम करतो. अशा प्रकारे बोर्डासह बॉडी ड्रॅग करताना नुसत्या शरीरापेक्षा वाऱ्याच्या वर कितीतरी चांगले चढता येते. मात्र वेग वाढू देऊ नये; फॉइल उचलू लागले तर बोर्ड हातातून उसळतो.

पुन्हा उभे राहताना बोर्ड आडवा, त्याचा वरचा भाग आपल्याकडे आणि फॉइल पलीकडे अशा स्थितीत पायांसमोर घ्यावा. झोतांच्या वाऱ्यात काइटला छोटासाच झोका द्यावा, वजन पुढच्या पायावर ठेवावे आणि पहिले पंधरा-वीस मीटर बोर्ड पाण्याला चिकटूनच चालू द्यावा. उभे राहताक्षणी हवेत गेलेला स्वार पुढच्या झोताला हमखास पडतो. मंद वाऱ्यात उलट एक मोठा, निश्चयी झोका लागतो आणि तो झोत येण्याच्या क्षणी द्यावा लागतो.

आतापर्यंत सांगितले ते काइट हवेत असताना लागू पडते. वारा पूर्ण पडून काइट पाण्यावर आली तर फॉइलवाल्यापुढे एक खास संकट उभे राहते, ज्याची कल्पना ट्विन-टिपवाल्याला नसते. सैल लाइन फॉइलभोवती गुंडाळल्या जातात. मी स्वतः हे गोव्यातल्या मोरजीला एकदा भोगले. मार्चमधली संध्याकाळ होती, साडेपाच वाजून गेले होते, वारा कधी येत होता कधी जात होता. बोर्ड हातात असताना काइट पडली, आणि मी बोर्डावर आडवा होऊन विश्रांती घेत बसलो. पाच मिनिटांनी पाहतो तो मागची डावी लाइन पुढच्या पंखाखालून जाऊन मास्टला दीड वेढा घालून बसलेली. जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीची ती लाइन पाण्यात केसासारखी दिसत होती. मी बोटाने ती सोडवायला गेलो आणि तेवढ्यात एक हलका झोत आला. काइट नुसती कुशीवर वळली, उडालीही नाही. तेवढ्यानेही लाइन माझ्या तर्जनीवरून अशी सरकली की सांध्यापाशी कातडी उघडली. झोत पुरता आला असता तर बोट राहिले नसते. तेव्हापासून हार्नेसला आकड्याच्या आकाराची लाइन-सुरी अडकवलेली असते आणि लाइन बोटाभोवती कधीच घेत नाही.

म्हणून काइट पडल्याबरोबर बोर्ड आणि लाइन एकमेकांपासून दूर ठेवावेत. बोर्ड आपल्या मागे, म्हणजे काइटच्या विरुद्ध बाजूला घ्यावा आणि पाय मारत काइटपासून मागे सरकत राहावे, म्हणजे लाइन ताठ राहतात. हवा भरलेल्या काइटची एका बाजूची मागची लाइन हाताने ओढून धरली की ती पंखाच्या टोकावर उभी राहते, वाऱ्याच्या ‘खिडकी’च्या, म्हणजे काइट उडू शकते त्या भागाच्या, कडेकडे सरकते आणि तिथून उचलता येते. वारा अगदीच कमी असेल तर दोन्ही मागच्या लाइन एकत्र ओढून तिला उलटी उचलण्याचा प्रयत्न करता येतो. शर्यतीतल्या फॉइल-काइट, ज्यांत फुगवलेली नळी नसते, पाण्यात जास्त वेळ राहिल्या की पाणी पिऊन जड होतात. त्यांच्या बाबतीत पहिले दोन प्रयत्न हेच खरे प्रयत्न असतात. २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये काइटच्या शर्यती प्रथमच झाल्या, त्या मार्सेयला. तिथेही मंद आणि लहरी वाऱ्याने आयोजकांना शर्यती पुढे ढकलायला लावल्या. जगातले सर्वोत्तम स्वार त्या वेळी किनाऱ्यावर थांबले, ही गोष्ट आपण मनात ठेवायला हरकत नाही.

यापुढचा भाग बोर्ड सोडून देण्याचा आहे, आणि तो आधीच ठरवून पाण्यात उतरावे. मोरजी-आश्वे किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. फेब्रुवारी ते मे या काळात दुपारचे खारे वारे तिथे साधारण वायव्येकडून येतात, म्हणजे समुद्राकडे पाहणाऱ्याच्या उजव्या खांद्यावरून, आणि पडलेल्या स्वाराला दक्षिणेकडे, शापोरा नदीच्या मुखाकडे सरकवतात. ओहोटी चालू असेल तर नदीचे पाणी तिथून बाहेर समुद्रात जात असते. म्हणून नदीच्या मुखाजवळच्या टेंबच्या टोकाला पोहोचण्याआधी बोर्ड मिळाला नाही, तर शोध थांबवून किनाऱ्याकडे वळायचे, अशी सीमा मी आखून ठेवली आहे. दुसरी सीमा वेळेची : सूर्यास्ताआधी दीड तास. खारे वारे त्या सुमारास ओसरू लागतात आणि तेव्हा पडलेली काइट पुन्हा उठण्याची शक्यता दर मिनिटाला कमी होते.

एप्रिलच्या अखेरीपासून तिसरी सीमा सांभाळावी लागते. सह्याद्रीच्या बाजूला वळवाचे ढग उभे राहिले, समुद्रावरचा वारा अचानक थांबला आणि हवेत गारवा आला, तर काही मिनिटांत पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जोराचा झोत येऊ शकतो. त्या वाऱ्यात बॉडी ड्रॅग करून किनारा गाठता येत नाही. अशा वेळी बोर्ड कितीही महाग असो, आधी किनाऱ्याकडे निघावे.

झोत आवाक्याबाहेर गेला तर क्विक रिलीज, म्हणजे काइटची ओढ क्षणात तोडणारी कळ, ओढावे. काइट एकाच लाइनवर लटकून निर्बल होते. मग त्या सुरक्षा-लाइनपासून सुरुवात करून लाइन बारवर गुंडाळत काइटपर्यंत पोहोचावे. सुरक्षा-लाइन इतरांपेक्षा काही मीटर जास्त गुंडाळलेली असली पाहिजे, नाहीतर काइट मध्येच हवा धरते. काइटची हवा सोडू नये. तीच तुमची तरंगती आधारवस्तू असते. बोर्ड जवळ असेल तर तो सुलटा ठेवून त्यावर छातीने टेकावे, आणि वारा अजिबात नसेल तर काइट गुंडाळून बोर्डावर ठेवून हातांनी वल्हवत निघावे.

बोर्ड सोडून किनाऱ्यावर आलात तर पहिल्यांदा जीवरक्षकांना आणि बरोबरच्या लोकांना सांगावे की बोर्ड पाण्यात आहे आणि स्वार सुखरूप आहे. रिकामा बोर्ड तरंगताना दिसला की लोक माणूस शोधू लागतात, आणि तटरक्षक दलाच्या १५५४ क्रमांकावर फोन गेलेला असला तर एक बोट उगाच निघते. बोर्डावर न पुसणाऱ्या शाईने आपला फोन नंबर लिहिलेला असावा. दुसऱ्या दिवशी पहाटे रापण ओढणाऱ्यांकडे चौकशी करावी. माझा एक बोर्ड त्यांच्याच जाळ्यात सापडला होता. फॉइलने जाळे दोन ठिकाणी फाडले होते, त्याची भरपाई मी दिली आणि त्यांनी मास्टवरचा शेवटचा दोरा सुरीने कापून बोर्ड माझ्या हातात ठेवला.